आतलं कापड

रंगाऱ्याची बायको बरी झाली, आणि मला तिचा राग आला.

रंगारी माझा शेजारी. आमच्या दोघांच्या बायकांना एकच आजार, एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी खाटा. त्याची जास्त आजारी होती. तरी माझी गेली आणि त्याची घरी आली.

मी शिंपी. दुखण्याआधी दोघींना एकाच ताग्यातले निळे ड्रेस शिवले होते. पुढे दोघी वाळत गेल्या, तसे ते मीच कुशींना आत घेऊन घट्ट केले.

रविवारी चर्चमध्ये पाळक म्हणाले, "पुनरुत्थान फक्त शेवटच्या दिवसाची गोष्ट नाही. प्रभू उठला, म्हणून आपणही रोज सकाळी नव्याने उठतो." सगळ्यांनी रंगाऱ्याच्या बायकोकडे पाहिलं. मी मनात म्हणालो, वा! त्याला आजची सकाळ, आणि मला शेवटचा दिवस.

सोमवारी ती ड्रेस घेऊन दुकानात आली.

"भावजी, या वयात बाळसं धरलंय मी. जरा सैल करून द्या. रविवारी चर्चमध्ये बरी झाल्याची साक्ष द्यायचीय."

"होणार नाही. आत कापडच नाही."

"असं कसं? शिंपी आत कापड ठेवतोच ना?"

"ठेवतो. तुमचं कापून टाकलं." मग तोंडातून निघूनच गेलं, "वाटलं, तुम्हाला काही ते परत लागायचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हसायलाच लागली. "मलाही तेच वाटलेलं. यांनी तर काळा कोट इस्त्री करून ठेवला होता!"

मला हसू आलं नाही. "तिचं मात्र ठेवलंय. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं."

"ताईंचं?" तिने काही मागितलं नाही. ड्रेस टेबलावर ठेवून निघून गेली.

तीन दिवस तो तसाच पडून होता. गुरुवारी बायकोचा ड्रेस काढला आणि उसवायला बसलो. माझ्या माणसाचं हिला का द्यायचं, असं प्रत्येक टाक्याला वाटत होतं. आतलं कापड अजून गडद निळं होतं, धुण्याने विटलेलं नव्हतं. म्हणालो, प्रभू, तू तिला उठवशील, माझा विश्वास आहे. पण ही आधी का?

उसवलेल्या कापडाचे दोन पट्टे कापले. मग मशीनवर बसलो.

रविवारी ती साक्ष द्यायला उभी राहिली. फिक्या ड्रेसला दोन्ही कुशींना गडद पट्टे. जळलो मी, खोटं कशाला बोलू? ती काय बोलली ते धड ऐकलंही नाही. माझं सगळं लक्ष तिच्या उजव्या काखेकडे.

बाहेर पडताना म्हणालो, "वहिनी, उद्या घेऊन या. काखेत ओढतंय."

"मास्तर, रविवारी तरी सुट्टी घ्या की," रंगारी म्हणाला.

"शिलाई माझी आहे. लोक मला नावं ठेवतील."

तो हसला. मी नाही हसलो. पण सोमवारी ती यायच्या आधीच मी सुई ओवून बसलो होतो.