हातगुण आणि दहाचा पाना

सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी गॅरेजसमोरची गाड्यांची रांग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. औषधवाला वैतागला होता, कारण खऱ्या पेशंटला दुकानात शिरायला वाट उरली नव्हती. कुणाची गाडी गिअर बदलताना गचके खात होती, कुणाची मागे जायला तयार नव्हती, आणि एक तर टेम्पोला दोरी बांधून ओढत आणली होती. बरं, माणसं काय अडाणी होती? छे! चांगली शिकलीसवरलेली. टाय लावलेले एक साहेब शेजाऱ्याला सांगत होते, "मी असलं काही मानत नाही हो. पण हात लावून घ्यायला काय हरकत आहे?" ही 'काय हरकत आहे' म्हणणारी माणसं नसती, तर जगातले निम्मे बुवा उपाशी मेले असते.

तेवढ्यात स्पर्शबुवा आले. पांढरा सदरा, पांढरी विजार, आणि उजव्या हातात पांढरा हातमोजा. हात उगाच कशाला लागून त्यातली शक्ती सांडू नये, म्हणून मोजा. वर्षापूर्वी हेच गृहस्थ विमा विकायचे आणि गिऱ्हाईक गाठायला याच गॅरेजच्या बाकावर येऊन बसायचे. विमा काही खपत नव्हता. आता बाकावर गादी आली होती.

"यंत्र म्हणजे काय?" बुवांनी गर्दीला विचारलं. "यंत्र म्हणजे मंत्रच! फक्त 'म'च्या जागी 'य' आला! आणि गिअर का अडकतो? मालकाचं मन अडकतं म्हणून!"

"वा! वा!" टायवाले साहेब म्हणाले.

बॉनेट उघडलं जायचं, इंजिनावर चादर पांघरली जायची, बुवा मोजा काढून चादरीवर हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. सगळ्यांनी डोळे मिटून पंधरा मिनिटं मौन पाळायचं. मग गाडी सुरू करायची, की गिअर लोण्यासारखा पडायचा. ज्याचा पडायचा नाही, त्याची श्रद्धा कमी. हिशेब चोख होता.

या सगळ्यात चादरीचं टोक धरून एक माणूस मान खाली घालून उभा असायचा. गॅरेजचा मालक, मिस्त्री. लोक म्हणायचे, काय सेवाभाव आहे! मिस्त्रीची मान सेवाभावाने खाली नव्हती. पंधरा मिनिटं डोळे उघडे असायचे ते फक्त त्याचे, आणि चादरीखाली चालायचा तो त्याचा हात. त्या हातात दहा नंबरचा पाना असायचा.

हे कसं झालं, ते सांगायलाच हवं.

मिस्त्रीला शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याकडे एक जुनी ऑटोमॅटिक गाडी होती. बाईंच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार टेकडीवरच्या हॉस्पिटलात डायलिसिस. बाई स्वतः गाडी चालवत न्यायच्या. गेल्या वर्षी गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं, म्हणून गाडी गॅरेजला आली. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, पुन्हा चढवला. गळती थांबली. पण पुढच्याच आठवड्यात गाडी हट्टाला पेटली. समोरचा लाल दिवा लागायचा आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसायची. सपाट रस्त्यावर कशीबशी चालायची, चढावर बंद.

मिस्त्रीने गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, पुन्हा चढवला. काही सापडेना. मोठ्या गॅरेजात कॉम्प्युटर लावून बघतात, तिकडे पाठवायला हवी होती. पण शिकवलेल्या बाईंना 'मला जमत नाही' कसं म्हणायचं? शेवटी कंटाळून त्याने बॅटरीची तार काढली, थोड्या वेळाने परत जोडली. दिवा गेला! गाडी गल्लीत झकास पळाली.

"अरे वा! काय केलंस?" काकांनी विचारलं.

काय केलं ते मिस्त्रीलाही धड माहीत नव्हतं. तसं म्हणायची लाज वाटली. बॉनेटवर हात टेकवून विमेवाले उभे होते. मिस्त्री हसत म्हणाला, "मी कसलं करतोय काका, यांचा हातगुण!"

झालं. चेष्टा होती, पण आजारी माणसाला चेष्टा कळत नाही, त्याला आशाच ऐकू येते. काकांनी ते हॉस्पिटलात सांगितलं, हॉस्पिटलातल्यांनी घरी सांगितलं, आणि महिन्याभरात लोक विमेवाल्यांचा हात मागायला आले. मौज अशी, की विमेवाल्यांना स्वतःलाही खरं वाटलं! मिस्त्रीने त्यांना एका शब्दाने अडवलं नाही. पहिल्या दिवशी गाडी चालली नाही तर बिचाऱ्याची फजिती होईल, म्हणून त्याने गुपचूप पाना फिरवला. दुसऱ्या दिवशी गॅरेजचं नाव जाईल म्हणून फिरवला. पुढे सवय झाली. कुणाचं तेल कमी असेल, कुणाची केबल सैल असेल, तर ते तो आधीच 'शुद्धीकरण' म्हणून आत नेऊन करून टाकायचा. करणारा मिस्त्री, नाव बुवांचं, आणि फसणारे सगळे. जेवताना तो अर्ध्या ताटावरून उठायचा. बायको विचारायची, "तब्येत बरी नाही का?" तो म्हणायचा, "काही नाही गं, काम फार आहे."

तर त्या शनिवारी रांग मोडून एक गाडी थेट पुढे आली. बाईंची. लाल दिवा लागलेला. मागच्या सीटवर काका, पायांना सूज, तोंड उतरलेलं.

"ए, रांगेत या!" कुणीतरी ओरडलं.

"बारा वाजता यांना मशीनवर झोपवायचंय," बाई उतरत म्हणाल्या. "मंगळवारी तुमच्या बुवांच्या कृपेनं गाडी हॉस्पिटलच्या चढावर मधोमध बंद पडली. मागे ट्रक. दोन तास हललो नाही. मशीनची वेळ गेली, आणि बुधवारी सकाळी यांच्या छातीत पाणी भरलं. वाचले, म्हणून आज इथे दिसतायत."

मिस्त्रीच्या हातातून चादर सुटली. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी याच चादरीखाली त्याने याच गाडीची तार काढून जोडली होती.

बाईंनी पर्समधून एक वही काढली. चौकटीची, गणिताची. "सात वेळा गॅरेजात हात लागला या गाडीला. एकदाही गाडी शंभर किलोमीटर गेली नाही. गार असताना कधी बिघडली नाही. तापली, की हॉस्पिटलच्या चढावर बिघडते. आणि एकदा बुवा आमच्या घरी आले होते, तेव्हा पाऊण तास हात ठेवला तरी गाडी ढिम्म. त्या दिवशी मिस्त्री एका लग्नाला गेला होता."

"त्या दिवशी तुमची श्रद्धा नव्हती, बाई," बुवा मायेनं म्हणाले.

"बाकीच्या सात वेळा तरी कुठे होती? ते राहू द्या. आज एक सोपा प्रयोग करू. तुम्ही हात ठेवा. मिस्त्री दहा पावलं लांब, रस्त्यापलीकडे उभा राहील. चालेल?"

"त्यात काय!" बुवा हसले. त्यांच्या मनात खरंच काही काळंबेरं नव्हतं. मिस्त्रीने मात्र खिशातला पाना चाचपला. तो रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या पायरीवर जाऊन उभा राहिला, आणि आज पहिल्यांदा त्याला सगळी माणसं डोळे मिटलेली समोरून दिसली. केवढी ती माणसं! किती विश्वासाने उभी!

पंधरा मिनिटं झाली. बाईंनी चावी फिरवली. लाल दिवा तसाच. गाडी गुरगुरली आणि अडकली.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. टायवाले साहेब म्हणाले, "परीक्षा घेतली ना, मग असंच होणार." बुवा आपल्या तळहाताकडे बघत राहिले. तेवढ्यात मागच्या खिडकीतून काका क्षीण आवाजात म्हणाले, "तिला बोल लावू नका हो. खोट माझ्यातच आहे. मंगळवारी चढावर अडकलो, तेव्हा मी मनातल्या मनात बुवांना शिव्या दिल्या. मीच शंका आणली. मरणाच्या दारात गेलो तो त्याच पापाने."

हे ऐकलं आणि मिस्त्रीला उभं राहवेना. मरायला टेकलेला माणूस त्याच्या लबाडीचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेत होता! तो धावत रस्ता ओलांडून आला, खिशातून दहाचा पाना काढला आणि बॉनेटवर सगळ्यांसमोर ठेवला.

"काका, तुमचं काही चुकलं नाही. हा बघा हातगुण."

"म्हणजे काय रे?" बाईंनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं, पण शिक्षिकाच त्या, उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडून हवं होतं.

"गिअरबॉक्सला एक कॉम्प्युटर असतो, बाई. बिघाड झाला की तो लक्षात ठेवतो, आणि आणखी मोडतोड होऊ नये म्हणून एकच गिअर धरून ठेवतो. बॅटरीची तार थोडा वेळ काढली, की तो ते विसरतो. गाडी चांगली चालते. बिघाड पुन्हा दिसेपर्यंत. तुम्ही डोळे मिटायचात, मी चादरीखाली तार काढायचो. रोज."

"म्हणजे दुरुस्ती नाहीच?"

"नाही. ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडायचा, तसं. ताप तिथेच." त्याने पाना बाईंपुढे सरकवला. "मी लोकांना फसवलं. तुम्हाला चढावर मी अडकवलं."

गर्दीचा एकच गलका झाला. "भोंदू!" "चोर!" टायवाले साहेब सर्वांत मोठ्याने ओरडत होते, "मी पहिल्यापासून म्हणत होतो!" आणि बुवा गादीवर मटकन बसले.

"माझ्या हातात काहीच नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नव्हतं."

"मला तरी सांगायचंस ना रे! आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते." त्यांनी मोजा खिशात कोंबला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

पण घड्याळ थांबत नव्हतं. मिस्त्रीने काकांना हाताला धरून आपल्या गाडीत बसवलं आणि बाईंना म्हणाला, "तुमची गाडी तुम्ही चालवत मागून या. सपाटीला तिसऱ्यावर चालेल. चढ लागला की खाली थांबा, बंद करू नका. मला ती तापलेली बघायचीय." साडेअकराला काका हॉस्पिटलच्या दारात होते. बाराला मशीनवर.

मग मिस्त्री चढाच्या पायथ्याशी आला, बाईंच्या गाडीखाली शिरला. वर्षभरात ही गाडी त्याने कधी तापलेली, चढावर बघितलीच नव्हती. गॅरेजसमोरच्या सपाट गल्लीत एक फेरी मारायची आणि 'झाली' म्हणायचं, ही त्याची रीत. कुठे बिघडते, केव्हा बिघडते, हे त्याने बाईंना एकदाही विचारलं नव्हतं. उत्तर सगळं त्या वहीत होतं.

टॉर्चच्या उजेडात त्याला दिसलं. गिअरबॉक्सकडे जाणारी तार खाली लोंबत होती आणि धुराच्या नळीला टेकून तिचं वेष्टण वितळलं होतं. गाडी चढाला लागली, की इंजिन मागे कलायचं आणि तार तापलेल्या नळीवर दाबली जायची. तार लोंबू नये म्हणून तिथे एक क्लिप असते. क्लिपची जागा रिकामी होती.

मिस्त्री गाडीखालून लवकर बाहेर आला नाही. त्याच्या गॅरेजात पत्र्याचा एक डबा आहे. गाडी जोडून झाल्यावर जे नटबोल्ट उरतात, ते त्यात टाकायचे आणि म्हणायचं, 'कंपनीने जास्तीचे दिलेत.' सगळे मेकॅनिक करतात ही चेष्टा. सील बदलताना उरलेली एक काळी क्लिप त्याने त्या डब्यात टाकली होती. टाकताना हसलाही होता.

"सापडलं?" बाईंनी वाकून विचारलं.

"सापडलं, बाई. बिघाड मीच केला होता. पहिल्या दिवशीच."

त्याने सगळं सांगितलं. बाईंनी वही मिटून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "शाळेत एखादं गणित येत नसलं, तर तू काय करायचास?"

"कोरं सोडायचो."

"हो. शून्य मिळायचं, पण खोटं उत्तर कधी लिहिलं नाहीस. म्हणून तर मी डोळे मिटून गाडी तुझ्याकडे टाकली. चादरीशेजारीसुद्धा मीच डोळे मिटले ना रे, मीच." त्यांचे डोळे भरून आले होते. मिस्त्री गॅरेजात गेला आणि डब्यातली ती क्लिप घेऊन आला.

तार नवीन टाकली, क्लिप जागेवर गेली. कामाला जेमतेम तास लागला. त्या तासाभराच्या कामापायी काकांचा जीव वर्षभर टांगणीला लागला होता.

सोमवारी गॅरेजसमोर चारच गाड्या होत्या. बाकावरची गादी गेली होती. मिस्त्री दोनदा बुवांच्या घरी माफी मागायला गेला, दार उघडलं नाही. तो परत जाणार आहे. भिंतीवर त्याने तो पत्र्याचा डबा टांगला आहे, रिकामा. लोक विचारतात, हा कशाला? तो सांगतो, खरं ते सांगतो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, "गिअर घसरतोय हो. काय झालं असेल?"

"माहीत नाही," मिस्त्री म्हणाला. वर्षभर अडकलेले दोन शब्द. "बघून सांगतो. आधी तुम्ही सांगा, कुठे घसरतो, केव्हा घसरतो?"

वाचकहो, गोष्ट एवढीच. मिस्त्री असो, डॉक्टर असो, बुवा असो, जो 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणेल त्याच्याकडे खुशाल जा. जो डोळे मिटायला सांगेल, त्याच्यासमोर ते नीट उघडे ठेवा, चादर उचला, आणि खाली कुणाचा हात आहे ते बघा.