पोटात दुखतं तिच्या

माझं पोट दुखायचं, हीच मोठी पंचाईत होती. डोकं दुखलं असतं, गुडघा दुखला असता, तर कोणी तरी तेल चोळलं असतं. पण पोटात दुखतं म्हटलं की सावद्याच्या आमच्या घरात बायका तोंडाला पदर लावायच्या. थोरली जाऊ पुष्पाबाई, तिला दुसरा मुलगा झाला तेव्हा मी मागच्या पडवीत गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "धाकलीच्या पोटात दुखू ऱ्हायलं."

"दुखीनच ना," शेजारीण म्हणाली. "हिले तीन वर्षांत एक नही, अन् तिले दुसरा."

दोघी मनसोक्त हसल्या. मला जावेचा हेवा वाटत नव्हता असं नाही, थोडा वाटत होता. पण हेव्याने माणूस घोंगडी दातांत धरून लोळत नाही.

दुखणं माहेरापासूनचं, बोदवडपासूनचं. आई म्हणायची, बाईच्या जातीला हे असतंच, लग्न झालं की जातं. लग्न झालं आणि ते माझ्याबरोबर सासरी आलं. कावळा शिवायच्या आदल्या रात्री कमरेतून सुरू व्हायचं आणि ओला पंचा पिळावा तसं ओटीपोट पिळत राहायचं. ओकाऱ्या व्हायच्या. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचे तोवर सगळं शांत झालेलं असायचं.

नवऱ्याचं नाव जीवराम. तेव्हा मी ते घेत नसे, आता घेते. तो दुष्ट नव्हता. केळीचे घड वॅगनीत भरायची घाई नसली की मला दाखवायला नेत असे. गावातल्या वैद्याने बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. तांब्या चिकटला तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं. भुसावळच्या डॉक्टरने पोट चाचपलं. "इथे दुखतं? इथे?" मी प्रत्येक वेळी नाही म्हणाले, कारण त्या दिवशी खरंच दुखत नव्हतं. त्याने जीवरामकडे बघितलं, जीवरामने माझ्याकडे, आणि आम्ही लाल औषधाची बाटली घेऊन परत आलो.

दुखायच्या दिवसांत मला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. नेणार कसं? त्या चार दिवसांत मी बाहेर बसलेली. पाणी वरून ओतायचं, भाकरी वरून टाकायची. बैलगाडीत बसायचं नाही, माणसाला शिवायचं नाही. मग डॉक्टरने तरी कुठे हात लावायचा? म्हणून मला शुद्ध झाल्यावर न्यायचे, आणि शुद्ध झाल्यावर मी ठणठणीत असायचे. हा सगळा घोळ इतका सरळ होता की कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही आला नाही, हे सांगताना आजही माझाच मला राग येतो.

बाळाचं बारसं झालं आणि सासऱ्यांनी, आबांनी, निकाल सांगितला. "जळगावले बाईडॉक्टर आली हाये म्हणे. तिले दाखवा. दुखणं असीन तं दवा करू. नखरे असतीन तं पोरीले बोदवडले पोचवा, फारकतीचं मी पाहीन."

म्हणजे माझा संसार आता एका परक्या बाईच्या बोलण्यावर ठरणार होता. मी देवाजवळ एवढंच मागितलं की माझ्या दुखण्याला नाव असू दे.

ती डॉक्टरीण माझ्याहून फार मोठी नव्हती. तिने जीवरामला बाहेर बसवलं आणि आजवर कोणी न विचारलेलं विचारलं. "कुंदाबाई, दुखतं नेमकं कधी?"

मी खाली मान घालून सांगितलं.

"मग आज का आलात?"

मी तेही सांगितलं. तिने ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "मला शंका येते आहे, पण दुखत असताना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या दिवशी या."

घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई भडकल्या. "बाहेर बसलेली बाई गाडीत कशी बसीन? त्या डॉक्टरनीले घरदार नही काय?" आबांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की डॉक्टरणीला काही सापडलं नाही. मी जीवरामच्या मागे लागले, रडले, भांडले, तेव्हा आबांनी आणखी एका खेपेला होकार दिला. ती शेवटची.

पुढच्या महिन्यात कावळा शिवला आणि मी कोणाला सांगितलं नाही.

सकाळी मी चूल पेटवली. आबांना भाकरी वाढली. सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावायला सांगितला, तोही लावला. पुष्पाबाईने बाळ माझ्या मांडीवर टाकलं आणि ती केस विंचरायला गेली. मला भीती वाटत होती, कशाला खोटं बोलू. देवाची वाटत होती आणि आबांची त्याहून जास्त. पोटात पिळा पडत होता आणि मी बाळाला हसवत होते. मग जीवरामला म्हटलं, आज चला.

डॉक्टरणीने हात लावला आणि मी किंचाळले. ती म्हणाली, "अजून एकदा, कुंदाबाई, सोसा." मी पुन्हा किंचाळले. तिने हात धुतले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसांत मला असा हात कोणी लावला नव्हता. मी दुखण्याने रडले नव्हते एवढी त्या हाताने रडले.

"एंडोमेट्रिऑसिस," ती म्हणाली. "पोट उघडल्याशिवाय शपथ घेता येणार नाही, पण मला तरी तेच दिसतं. पिशवीच्या आत जे अस्तर असतं, ते तुमचं बाहेरही वाढलंय. आतलं रक्त वाहून जातं, बाहेरच्याला वाट नाही."

मला हसू आलं. तेही बिचारं बाहेर बसलेलंच होतं.

मी ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवलं, चुकलं, पुन्हा विचारून घेतलं. डॉक्टरणीने जीवरामला आत बोलावलं. सांगितलं, दुखणं खरं आहे, मुंबईला ऑपरेशन करावं लागेल, मुलाचं आत्ताच सांगता येत नाही. तो मान डोलवत होता. त्याने मला उठवायला दंडाला धरलं. माझ्या मनात आलं, जिंकले.

"आणि बरं झालं," डॉक्टरीण कौतुकाने म्हणाली, "पाळी चालू असताना आणलंत. एवढं कोणी करत नाही."

जीवरामने दंड सोडला.

परतीच्या आगगाडीत तो सावद्यापर्यंत दारात उभा राहिला. भुसावळ गेल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, "आबांले भाकर कोनं वाढली?"

"मी."

"देव?"

"मीच."

अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या त्याने भाकरीचं आणि देवाचं तेवढंच सांगितलं. मुंबईचं, ऑपरेशनचं काही नाही. पुष्पाबाईने बाळाला थंड पाण्याने न्हाऊ घातलं, ते निळं होईपर्यंत रडलं. देव बाहेर काढून धुतले. लोणच्याची भरलेली बरणी उकिरड्यावर रिकामी झाली. मी गोठ्याजवळ उभी राहून ओरडत होते की मला रोग आहे, त्याला नाव आहे, डॉक्टरणीने सांगितलंय, विचारा यांना.

आबा शेवटी बोलले. "दुखणं खरं असीन व. बाई खोटी हाये."

तीन वर्षं खरं सांगत होते, तेव्हा एकानेही विश्वास ठेवला नाही. एक दिवस खोटं वागले, त्यावर सगळ्यांचा एका झटक्यात बसला. दसऱ्याच्या आत फारकत झाली. मुंबई तर राहूच द्या, जळगावचं नावही पुन्हा कोणी काढलं नाही.

आता मी बोदवडला आहे. आईने सगळं ऐकून घेतलं, माझ्यासाठी रडली. नाव विचारलं. मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं, "यंडो... यंडोमे..." आणि सोडून दिलं. महिना भरला की ती मला परसात घोंगडी टाकून देते. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून हातभर लांब ठेवते, मग मी ती ओढून घेते. "फार दुखतं का व?" ती तिथूनच विचारते. तिची माया खोटी नाही. पण हात तिचाही लागत नाही.

परवा मी अशीच पडले होते. शेजारची लताबाई कुंपणावरून डोकावली. "कुंदीले काय झालं?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. ते नाव तिच्या ओठांपर्यंत आलं असावं.

"काही नही," ती म्हणाली. "पोटात दुखतं तिच्या."

लताबाई हसली. "आता कोनाचं पाहून?"