पाहणीपुरती मालकीण

वहिनीला सकाळपासून सगळ्याची शिसारी येत होती. दिराने तिला ऑफिसातल्या ज्या खुर्चीत आणून बसवलं, तिचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. मालकीणबाईंची खुर्ची म्हणे! दारावर तिचं नाव, भिंतीवर तिचा हसरा फोटो, आणि आत चार पोरं दिवसभर लोकांच्या फोनवर नको त्या जाहिराती सोडत बसलेली. शी!

तिचा खरा धंदा घरी, ओट्याच्या कडेला चालायचा. मुलांना तोकडे झालेले शाळेचे गणवेश, बूट, दप्तरं यांचे फोटो आया तिच्या ॲपवर टाकत आणि दुसऱ्या आया ते स्वस्तात नेत. ॲप तिने स्वतः शिकून, रडतखडत बनवलं होतं. आता एक खोली आणि हाताखाली कुणीतरी हवं, म्हणून बायकांच्या डिजिटल धंद्यांना सरकार भांडवल देतं तिथे तिने अर्ज केला. उत्तर आलं, तुमच्या नावावर भांडवल आधीच दिलेलं आहे. एका बाईला एकदाच.

झालं होतं असं, की त्या घरात सही मागणं म्हणजे मीठ मागण्यासारखं होतं. भाऊजींनी जेवता जेवता कागद पुढे केला होता, आणि हिने ओला हात पुसून सही ठोकली होती. वाचायचं काय त्यात, घरचाच माणूस! आता जाब विचारला तर नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. सासूबाई म्हणाल्या, घरातलं घरात राहू दे. आणि भाऊजी? चोर तो चोर, वर शिरजोर. पाहणीला अधिकारी येणार आहेत, वहिनी, तुम्ही नुसत्या बसा, बोलायचं मी बघतो, असं वर तिलाच सांगितलं.

ती आली ती एकाच आशेवर. अधिकारी बाई होती. बाईला सांगितलं तर आपलं नाव सुटेल, आपल्या धंद्याला भांडवल मिळेल.

बाईंनी तिला जे जे विचारलं त्याचं उत्तर भाऊजींनी दिलं. ते चहा सांगायला बाहेर गेले, तशी ती घाईघाईने म्हणाली, "हा धंदा माझा नाही. माझा वेगळा आहे, आणि यांच्यामुळे तो अडलाय."

अधिकारी बाईंच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. "माहीत आहे हो मला," त्या मायेने म्हणाल्या. "निम्म्या ठिकाणी हेच असतं. पण मी तसं लिहिलं तर बायकांचा आकडा घसरतो, मग योजनाच गुंडाळतात. तुमच्यासारख्याच बायकांचं नुकसान नाही का?" आणि तिच्या हातावर थोपटलं.

त्या थोपटण्याची तिला जेवढी किळस आली तेवढी दिराचीही आली नव्हती. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि सगळ्यांचं छान चाललेलं. बायकांच्या नावाने!

भाऊजी आत आले तेव्हा ती उभी होती. चारही पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मालकीण म्हणून सांगते, हा धंदा मी आजपासून बंद करतेय. बाई, लिहून घ्या."

ही मालकीण नाही, असं भाऊजी सरकारी माणसासमोर म्हणणार कसे? बाईंचीही तीच गत. आत्ताच तर त्यांनी तिला कागदोपत्री मालकीण मानलं होतं. चार साक्षीदार माना वर करून बघत होते. बाईंनी निमूटपणे लिहिलं. लिहिताना एवढंच म्हणाल्या, की दिलेलं भांडवल आता वसूल होईल, आणि योजनेचं दार तुम्हाला कायमचं बंद.

जिन्यात दिराने तिला गाठलं. रागाने त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"अक्कल गहाण टाकलीत का, वहिनी? हे सगळं फेडणार कोण?"

"मालकीण," ती म्हणाली.