पाठीवर माणूस बसवायचा परवाना

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं, भंगार नाही म्हटलं. कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा.

नैरोबीतल्या एका शेडमध्ये खोक्यातले सुटे भाग जोडून मला उभं केलं. किलोंझो गुरुजींनी मला किटुईकडच्या आपल्या गावी आणलं. चौदा वर्षं मी त्यांना शाळेत नेलं. रविवारी चर्चमधून आले की ते आधी माझी साखळी पुसायचे, मग जेवायचे. "गुरुजींची गाडी कधी दगा देत नाही," असं सगळा बाजार म्हणायचा. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मला शेळ्यांच्या गोठ्यात ढकललं. कोंबडीने माझ्या सीटवर अंडी घातली. हे मी अजून कुणाला माफ केलेलं नाही!

मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीने, मुथेऊने. तिचं शिवणाचं दुकान बसलं होतं. बाजारात भाड्याने माणसं न्यायची, असं तिने ठरवलं आणि शहरातल्या गाडी चालवायच्या शिकवणीला नाव घातलं. तिथे मोठ्या टेबलावर रस्ते रंगवलेले होते आणि त्यांवर खेळण्यातल्या गाड्या सरकवत धडे चालायचे, परीक्षाही तिथेच. मी खिडकीबाहेर उभी राहून सगळं ऐकायचे. लहान मोपेडला ए-एक परवाना. स्वतःपुरती मोटारसायकल चालवायला ए-दोन. पैसे घेऊन मागे माणूस किंवा सामान न्यायचं तर ए-तीन, आणि तीनचाकीही त्यातच. मुथेऊने ए-तीन मिळवला आणि ऐटीत आमच्या बाजारातल्या भाड्याच्या मोटारसायकलींच्या थांब्यावर गेली.

थांब्याचा चेअरमन मुसेंबी. त्याने पिवळं जाकीट दिल्याशिवाय तिथे कुणी उभं राहायचं नाही, अशी रीत. त्याने परवान्याचं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि खो खो हसला.

"ए-तीन? अगं पोरी, तिसरं चाक घरी विसरलीस की काय?"

सगळा थांबा हसला. त्या सगळ्यांकडे ए-दोन होता. दोन चाकांना दोन, तीन चाकांना तीन, असं वर्षानुवर्षं धरून चालले होते बिचारे.

"चाकं मोजून परवाना ठरत नाही, चेअरमन," मुथेऊ म्हणाली. "मागे बसणारा भाडं देतो का, त्यावर ठरतो."

"आता तू मला शिकवणार? वीस वर्षं झाली मला या धंद्यात!"

"वीस वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं कुणाला."

"ए-दोन काढून आण, मग जाकीट मिळेल."

"बरोबर असलेलं कार्ड चुकीचं करून आणू? नाही जमायचं."

ती रस्त्यापलीकडच्या आंब्याखाली मला घेऊन उभी राहिली. दोन महिने दिवसाला दोन-तीनच माणसं मिळायची. थांब्यावरून "ए तीनचाकी!" अशा हाका यायच्या. घरी गुरुजी म्हणाले, "या महिन्यात जमलं नाही तर गाडी काढून टाकू, बाळ." भंगारवाला मला दोनदा चाचपून गेला. त्याचा हात टाकीवर पडला तेव्हा मला खरंच भीती वाटली. पण दुसऱ्या दिवशी पहिल्याच लाथेला सुरू झाले. म्हटलं, घे!

मग एका सकाळी बाजारात तपासणी आली. मुथेऊचं कार्ड पाहून अधिकारी म्हणाला, "जा ताई." थांब्यावरच्या बाराच्या बारा गाड्या मात्र पोलीस चौकीत गेल्या. "साहेब, ए-तीन तीनचाकीचा असतो हो!" मुसेंबी ओरडत होता. अधिकाऱ्याने त्याला परवान्यांची यादी वाचून दाखवली. मुसेंबीने ती त्याच्याकडून घेऊन स्वतः पुन्हा वाचली.

तीन दिवसांनी तो आंब्याखाली आला. आवाज अगदी खाली.

"मुथेऊ, त्या टेबलावर काय काय विचारतात गं?"

"इथे नाही सांगणार, चेअरमन. पलीकडे, सगळ्यांसमोर विचारा."

तो बराच वेळ बुटाने माती उकरत राहिला. मला वाटलं, हा चिडून जाणार. पण तो रस्ता ओलांडून गेला आणि साऱ्या थांब्यासमोर मोठ्याने म्हणाला, "आमचं चुकलं. मुथेऊताई, आम्हाला शिकव."

त्या दुपारी मुथेऊने मातीत काठीने रस्ते काढले आणि बारा दांडगे पुरुष बाटल्यांची झाकणं सरकवत बसले. मी थांब्यावर, पहिल्या जागी उभी होते.

मित्रांनो, माझी साखळी पुसा, तेल घाला, मी अजून दहा वर्षं पळेन. पण कुणाच्याही गाडीवर मागे बसण्याआधी कार्ड मागा. चालवणारा हसला तर हसू द्या. तुम्ही बसू नका.