तरवा खाल्ला कुणी

"ज्ञान्या, तुझ्या शेळ्यांच्या तंगड्या मोडीन म्या! मुकाट्यानं खाली ये!"

बयाबाई बांधावर उभी राहून ओरडत होती. आषाढातला पाऊस घटकाभर दम खात होता, डोंगर धुक्यात बुडाला होता, आणि त्या धुक्यातनंही तिचा आवाज पासली गावाच्या वरच्या धनगरवाड्यापर्यंत चढत होता. पुढ्यात सगुणाबाईचा तरवा होता. म्हणजे कालपर्यंत होता. लावणीला आलेली भाताची हिरवीगार रोपं रातोरात कुणीतरी बुडख्यापर्यंत खाल्ली होती आणि उरलेली तुडवून चिखलात घातली होती.

तरवा सगुणाबाईचा आणि भांडण बयाबाईचं, याचं गावात कुणाला नवल वाटलं नाही. दुसऱ्याची चूक दिसली की बयाबाईच्या जिभेला खाज सुटायची. सुनेची भाकरी जाड झाली, नवऱ्यानं, हरिबानं, दोरखंड पावसात टाकलं, देवळातल्या गुरवानं दिवा उशिरा लावला; कुणी तिच्या तडाख्यातनं सुटायचं नाही. स्वतःच्या हातून कधी काही चुकल्याचं मात्र तिला आठवत नव्हतं.

सगुणाबाई तिची बांधाला बांध शेजारीण. तिचा नवरा इथलाच. तरुणपणी तो किरिस्ताव झाला, मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून लांब गेला आणि तिकडंच वारला. भोरचं संस्थान विलीन झालं त्या सुमाराला सगुणाबाई एकटीच परतली आणि नवऱ्याच्या वाट्याचं एवढंसं खाचर कसायला लागली. रविवारी ती शेतात पाऊल टाकायची नाही, उंबऱ्यात बसून आपल्या प्रभूची गाणी म्हणायची. गावानं आधी नाकं मुरडली, मग गावाला त्या गाण्यांची सवय झाली.

ज्ञानू धनगर इरलं सावरत खाली आला. उमदा गडी, पण आज त्याचाही चेहरा तापलेला.

"बयाकाकी, माज्या शेळ्या रातभर वाड्यात कोंडल्यात. उगा आळ घेऊ नगा."

"मग काय मास्तरीणबाईनं स्वतः बसून खाल्ला व्हय तरवा?"

सगुणाबाई खाली वाकून चिखल बघत होती. उठली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बयाबाई, ऱ्हाऊ द्या. शेळ्यांचं काम दिसत न्हाई हे."

"तुमी गप बसा. तुमचा सोभाव भोळा, म्हून तर ह्ये असलं होतंय! ह्या मेल्याला चार गावात त्वांड दाखवाया जागा ठेवणार न्हाई म्या."

ज्ञानूनं काठी चिखलात आपटली. "बरं हाय. औंदा तुमच्या रानात माजी मेंढरं बसायची न्हाईत. खत आणा दुसरीकडनं." आणि तो तरातरा वर निघून गेला.

बयाबाई विजयी मुद्रेनं घराकडं वळते न वळते तोच गोठ्यातनं हरिबाची हाक आली. "अगं ये लवकर! म्हस बघ कशी कराया लागली!"

म्हैस पाय फाकून उभी होती. डावी कूस नगाऱ्यासारखी टम्म फुगलेली, डोळे बाहेर आलेले, धाप लागलेली. गोठ्याच्या दाराचा आडणा, म्हणजे रात्री आडवं घालायचं ते लाकूड, भुईवर पडलेलं. आणि म्हशीच्या शिंगात भाताच्या कोवळ्या रोपांची एक ओली जुडी अडकलेली, देवाला वाहिल्यासारखी.

हरिबानं जुडी बघितली, आडणा बघितला. "काल गोठा कुनी लावला?"

सून खाली मान घालून उभी राहिली. काल रात्री तिच्या हातातनं आडणा हिसकावून घेत, "तुला मेलीला धड दार लावता येत न्हाई," असं कोण म्हणालं होतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं. बोलण्याच्या भरात आडणा खोबणीत न बसवता नुसता टेकवून कोण गेलं, तेही आता उघड होतं.

"म्या," बयाबाई म्हणाली. तिच्या तोंडातनं एवढा बारीक आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

"ज्ञानूला बलवाया पायजे. जनावराच्या पोटातलं त्येलाच कळतं."

"त्यो यील व्हय आता? म्या त्येला काय काय बोलले..." तिनं म्हशीच्या मानेला मिठी मारली आणि रडायला लागली.

बराच वेळ गेला. म्हैस गुडघे टेकायला लागली. तेवढ्यात दारात सावली पडली. सगुणाबाई आली होती, हातात गोडेतेलाची बाटली, नऊवारी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. हरिबाची हाक ऐकून ती तशीच चढण चढून धनगरवाड्यावर गेली होती. तिच्या मागं ज्ञानू, तोंड अजून फुगवलेलं.

"माज्याकडं बघू नगा," तो म्हणाला, "मास्तरीणबाई वाड्यात ठाण मांडून बसल्या, म्हून आलो."

पण जनावराला हात लागले तसा तो सगळं विसरला. त्यानं तेलात हिंग घोळून बांबूच्या नळकांड्यानं म्हशीला पाजलं, तोंडात काठी आडवी बांधली, हरिबाला कूस चोळायला लावली आणि तिला अंगणात चालवत राहिला. अखेर म्हशीनं असा काही ढेकर दिला, की वळचणीची कोंबडी फडफडत खाली पडली. आधी सून हसली, मग हरिबा, मग ज्ञानूही.

बयाबाई हसली नाही. ती सगुणाबाईसमोर जाऊन उभी राहिली. "मास्तरीणबाई, तरवा माज्या म्हशीनं खाल्ला."

"ठावं हाय. खूर बघितले व्हते सकाळी."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी लई जोरात बोलत व्हता. मला मधी शिराया जागाच घावली न्हाई."

"आन तरी त्येल घिऊन आला? मला दोन शिव्या तरी घाला. जिवाला बरं वाटंल."

"शिव्या कशापायी? म्या कवाच माफ केलंय."

"आवो, म्या अजून माफी मागितली बी न्हाई!"

सगुणाबाई ओटीवर टेकली, पायाचा चिखल निपटत म्हणाली, "आमच्या प्रभूनं बी आमी मागायची वाट बघितली न्हाई, बयाबाई. आमी चुकीत व्हतो तवाच त्यानं जीव लावला. त्येला आमी कृपा म्हनतो. ती कमवता येत न्हाई, नुसती घ्यायची असती."

"फुकटचं म्या जल्मात कदी घेतलं न्हाई."

"म्हून तर तुमाला जड जातंय," सगुणाबाई हसून म्हणाली.

"आन माजं काय?" ज्ञानूनं मधेच विचारलं. "मला शिव्या बांधावर, आन माफी गोठ्यात व्हय?"

बयाबाईनं पदर खोचला. चिखल तुडवत बांधावर गेली आणि घसा ताणून ओरडली, "ऐका गं बायांनो! तरवा माज्या म्हशीनं खाल्ला! आडणा म्याच न्हाई लावला! ज्ञानूची कायबी चूक न्हाई!" वरच्या वाडीत बाया दारात येऊन बघायला लागल्या. ज्ञानू लाजून चूर झाला. "बास काकी, बास," म्हणत त्यानंच तिला हात धरून खाली उतरवलं.

पावसानं पुन्हा जोर धरला तशी लावणी सुरू झाली. बयाबाईनं आपल्या तरव्याच्या जुड्या उपटून सगुणाबाईच्या बांधावर ठेवल्या.

"फेड म्हून घेणार न्हाई म्या," सगुणाबाई म्हणाली.

"मग?"

"शेजारणीनं दिला म्हून घेते."

बयाबाईनं एक जुडी उचलून तिच्या हातात दिली. मग म्हणाली, "बरं. तसा घ्या." आणि त्या खाचरात तिच्या जोडीनं वाकली.

बयाबाईचा तरवा तिच्यापुरताच होता. तिच्या खाचराचा वरचा कोपरा त्या साली मोकळा राहिला. भादव्यात तिची नणंद फुलाबाई किकवीहून आली. हिरव्यागार भातात तो उघडा कोपरा तिच्या डोळ्यांत खुपला.

"अगं वैनी, एवढं रान पडीक? कुनाची चूक ही? सुनेची, का दादाची?"

हरिबानं गोठ्याकडं पाय उचलला. सून दाराआड सरकली.

"माजी," बयाबाई म्हणाली आणि नणंदेला ओढून ओटीवर बसवलं. "बस हितं. पैल्यापासनं सांगते."