बिरोबाच्या खुंटीवरची घोंगडी

मी एक घोंगडी. काळी, भरड आणि अंगाला टोचणारी. टोचते म्हणून राग करू नका. मेंढरू गरीब असलं तरी त्याची लोकर गरीब नसते. रखडलेल्या कामाला 'भिजत घोंगडं' म्हणून माणसांनी आमच्या घराण्याची उगाच बदनामी केली आहे, तेवढं मात्र मला लागतं.

सांगोल्याकडच्या माळावर केराबाईनं माझी लोकर कातली. सणगरानं मला विणलं, चिंचोक्याची खळ पाजली. केराबाईचा मुलगा सिदू बी. ए. झाला आणि तत्त्वज्ञानात एम. ए. करायला सोलापूरला निघाला, तेव्हा तिनं मला त्याच्या खांद्यावर टाकलं. "थंडी वाजंल तितं," ती म्हणाली. सोलापुरात थंडी कसली! पण आईला कोण सांगणार?

बोर्डिंगच्या खोलीत त्याच्यासोबत दुधनीचा शिवपुत्र राहायचा. तो कॉमर्सचा. "सिद्या, वर्गात पयला नंबर तुझाच, शेवटचाबी तुझाच की!" असं चिडवायचा. खरंच होतं ते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात सिदू एकटाच. कलशेट्टी सर शिकवून गेले की त्या विषयावर बोलायला त्याला माणूस उरायचं नाही.

माझा वास शिवपुत्राला सोसायचा नाही, म्हणून एरवी मी खाटेखाली. तो गावी गेला की सिदू मला फरशीवर अंथरायचा आणि मोठ्यानं वाचायचा. माणसाला खरोखर काय कळतं, कळलं ते खरं कशावरून, असले प्रश्न. मध्येच थांबून माझ्यावर हात फिरवायचा. मला त्यातलं काही समजत नव्हतं. पण त्याला ऐकणारं कुणीतरी हवं होतं आणि मी कुठं जाणार होते?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो. आमच्या बिरोबाच्या देवळात दरवर्षी भाकणूक होते. देवाचा माणूस घोंगडीवर बसून पाऊसपाण्याचं पुढचं सांगतो. सांगणारा म्हातारा धुळा उन्हाळ्यातच वारला होता. तेव्हा सिदूच्या बापाला, ज्ञानबाला, एक सुचलं. पोरगा तत्त्वज्ञान शिकतोय, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते त्याला कळत असणार. लोकांनाही ते पटलं.

त्यांनी मला देवापुढं अंथरलं, सिदूला बसवलं आणि भंडारा उधळला.

"सांग सिदू," ज्ञानबा म्हणाला, "मेंढरं हितं ठिवावी का कृष्णाकाठाला न्यावी? पाऊस हाय का न्हाय?" अभिमानानं त्याचा आवाज भरून आला होता.

सिदूनं मला दोन्ही मुठींत धरलं. तो काहीही बोलला असता तरी लोकांनी मानलं असतं.

"मला ठावं न्हाय, आबा."

"जरा इचार कर की."

"इचार करूनच सांगतोय. कुणालाच ठावं न्हाय."

लोक एकेक करून उठले. "मग इतके दिस तितं शिकलास तरी काय?" ज्ञानबानं एवढंच विचारलं. केराबाई पुटपुटली, "बापासाठी खोटं तरी बोलायचं की रं."

जावं की राहावं, या वादात दिवस गेले. कळप उशिरा निघाला आणि वाटेतच निम्मी मेंढरं पाण्यावाचून मेली. सिदूला कुणी दोष दिला नाही. त्याच्याशी कुणी धड बोललंही नाही.

भंडारा पडला तशी मी देवाची झाले. पांघरायची सोय उरली नाही. मला खुंटीला टांगून सिदू रिकाम्या खांद्यानं सोलापूरला परतला.

पुढच्या वर्षी तो एम. ए. झाला, तोही पहिल्या वर्गात. लांब विदर्भात नोकरी लागली. जाण्याआधी देवळात आला आणि माझी कड हातात धरून उभा राहिला. मागून ज्ञानबा आला.

"ने की," तो म्हणाला. "तुजीच हाय."

"देवाची झाली ती, आबा."

आबानं पुन्हा एकदा म्हणावं असं सिदूला फार वाटत होतं. त्याची बोटं माझी कड सोडत नव्हती. ज्ञानबाचा हात खुंटीपर्यंत आला आणि मागं गेला. मग दोघं बाहेर पडले, तेही पुढंमागं.

गेल्या पावसाळ्यात ज्ञानबा वारला. सिदू आला होता म्हणे. देवळाकडं फिरकला नाही. मला आता कसर लागली आहे. एकटीला करमत नाही, पण माझं काय, मी लोकरीची.

तुम्हाला मात्र हात जोडून सांगते. आपल्या माणसानं 'ने की' म्हटलं, तर कारणं सांगत बसू नका, न्या. दुसऱ्यांदा म्हणणं सगळ्यांना जमत नाही.