काळ्या ज्वारीचा गॅस

मी बरणी बोलतेय. जाड काचेची, रुंद तोंडाची. सोलापुरात भवानी पेठेत सूत रंगवायच्या कारखान्यात माझ्यात ॲसिड असायचं. माणसं मला बिचकून असायची, आणि खरं सांगते, ते मला आवडायचं.

तिथून मला तिप्पण्णानं होटगीला आपल्या घरी नेलं. तो सोलापुरातच कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचा. रॉकेलसाठी रांगा लागायच्या ते दिवस. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी कुणी खात नव्हतं. तिच्या पिठाची पेज आंबवून हायड्रोजन काढायचा, या ध्यासापायी त्यानं दोन वर्षं सर लोकांची बोलणी खाल्ली.

"अव्वा, हा गॅस जळला की धूर न्हाय, काजळी न्हाय. नुसतं पानी उरतं," तो आईला सांगायचा. निंगव्वा चुलीपुढं डोळे पुसत ऐकायची.

ओढ्याचा चिखल तो तासभर उकळायचा आणि मगच विरजणासारखा पेजेत घालायचा. उकळलं की हायड्रोजन खाणारे जंतू मरतात, तो बनवणारे तग धरतात. सगळी मेख तिथं होती. ती मात्र त्यानं आईला कधी सांगितली नाही. तिला काय कळणार, असं त्याला वाटलं. शिकलेल्यांनी त्याला जसं वागवलं, तसंच त्यानं तिला वागवलं.

बुडबुडे आले. नळीच्या टोकाला ज्योत लागली, इतकी फिकी की दार लोटून अंधारात बघावी लागली. तिप्पण्णा अंगणभर नाचला. बारा-पंधरा दिवसांनी सरकारी कचेरीतले साहेब तपासायला येणार असं ठरलं. त्यांनी होकार दिला असता तर त्याचं भांडी धुणं सुटणार होतं, कॉलेजात त्याला स्वतःचं टेबल मिळणार होतं.

तेवढ्यात कारहुणवी आली, आमच्याकडचा बैलांचा सण. बैल रंगवले, ओवाळले. तिप्पण्णा कामावर गेलेला. निंगव्वानं पूजेच्या बैलाचं ताजं शेण मूठभर घेतलं, माझं बूच काढलं, मला हळदकुंकू लावलं आणि ती मूठ आत सोडली.

"माज्या लेकाला यश दे," म्हणाली. मी ओरडले असते, पण बरणीचं कोण ऐकतं?

शेणातल्या जंतूंनी माझा हायड्रोजन बसल्या जागी फस्त केला आणि ते साधा गोबरगॅस सोडू लागले. ज्योत निळी झाली. तिप्पण्णा पेजेचा आंबटपणा मोडायला घालायचा तो चुना कमीजास्त करून बघायचा, कपाळाला हात लावून बसायचा. त्याला काही उमजेना.

साहेब आले. ज्योत बघितली, वास घेतला, बूच काढून आत काडी फिरवली. शेणातला कडब्याचा चोथा वर आला.

"हा तर गोबरगॅस आहे. शेण कुणी टाकलं?"

दारात निंगव्वाचा चेहरा फुलला. ती सांगायला पुढं झाली. तिप्पण्णानं तिच्याकडं एकदाच बघितलं, आणि त्याला सगळं कळलं.

"मीच टाकलं, साहेब."

साहेब इंग्रजीत काहीबाही बोलले, कागदावर 'फसवणूक' असं लिहून गेले. निंगव्वाला त्यातलं अक्षर कळलं नाही. लेकानं पुण्य आपल्या नावावर घेतलं असं वाटून ती हसली. कॉलेजात त्याला अजून शेणवाला म्हणतात.

मी आता गोठ्यात असते. माझ्यात सरकी भरतात. दर कारहुणवीला निंगव्वा मला पुसते आणि लेकाला म्हणते, "तवा एकच मूठ टाकली की रं. कमी पडलं. परत लाव तो गॅस, आवंदा दोन टाकते."

"व्हय अव्वा," तो म्हणतो.

मला दोघांचाही राग येतो. पण कुणी होटगीला आलात तर तिला खरं सांगू नका, तिचा तो भाबडा समज, त्याची तेवढीच कमाई उरलीय. मला मात्र एक दगड मारा. म्हणजे पुढच्या वर्षी त्याला 'व्हय' म्हणावं लागणार नाही.